दोन्ही हात डावे

आपले नाव कुठेतरी छापून यावे असे ज्याला त्याला वाटते. वाक्यबुवा गेली अठ्ठावीस वर्षे छापून येत होते, पण नावाशिवाय, आणि ते छापून येतात हे त्यांच्या बायकोखेरीज कोणाला ठाऊक नव्हते. तिलाही ते त्यांनीच सांगितले होते.

ते शब्दकोश कार्यालयात नोकरीला होते. इंग्रजी शब्द येई, समिती त्याचा आपल्या भाषेतला अर्थ ठरवी, आणि मग तो शब्द एका कार्डावर बसून वाक्यबुवांच्या टेबलावर येई. त्याखाली उदाहरणादाखल एक वाक्य लिहायचे एवढेच त्यांचे काम. म्हणून तर त्यांना वाक्यबुवा म्हणत. एवढेच काम म्हटले, पण ते करून बघावे. ‘छत्री’चे वाक्य कोणीही लिहील, ‘परंतु’चे लिहून दाखवा! शिवाय अक्षर असे, की छापखान्याने त्यावरूनच ठसे पाडावेत. साठ हजार कार्डे त्यांच्या हाताखालून गेली, पण एकाचा कोपरा दुमडला नाही की एकावर शाईचा थेंब सांडला नाही. त्यांना आपल्या दोन्ही हातांचा मनातून फार अभिमान होता. मनातूनच, कारण कार्यालयात हातांबद्दल विचारणारे कोणी नव्हते.

कार्यालयाचा एक नियम होता. उदाहरण लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या पाहण्यातले हवे. पूर्वी तसे नव्हते. पण वाक्यबुवांच्या आधीच्या गृहस्थांनी ‘जिराफ मंजुळ गात होता’ असे लिहून ठेवले आणि प्राणिसंग्रहालयाकडून तीन पानी पत्र आले. तेव्हापासून नियम क्रमांक चौदा. वाक्य पाहिलेल्या गोष्टीचे हवे, आणि एकदा छापखान्यात गेलेले वाक्य त्यात तथ्यदोष सिद्ध झाल्याशिवाय बदलता येणार नाही. जिराफ गायला नसता तर पुढचे काहीच झाले नसते.

तर एक दिवस ‘अँबिसिनिस्टर’ हा शब्द आला. असा शब्द इंग्रजीत आहे हे इंग्रजी बोलणाऱ्यांनाही बहुधा माहीत नसावे. त्याचा अक्षरशः अर्थ दोन्ही हात डावे असलेला, आणि वापरातला अर्थ दोन्ही हातांनी सारखाच धांदरट. समितीने त्यावर तीन बैठका घेतल्या. ‘दोनडावा’ सुचवला गेला, तो बैठकीतल्याच एकाला उद्देशून आहे असे वाटून मागे घेतला गेला. शेवटी ‘उभयवाम’ ठरला. ज्यांना अँबिसिनिस्टर कळत नव्हता त्यांना उभयवामही कळला नाही, त्यामुळे भाषांतर चोख झाले असे प्रमुख संपादकांचे मत पडले.

फक्त मुद्रितशोधक बाई खवळल्या. बाई डावखुऱ्या होत्या.

“डावा हात म्हणजे धांदरट, हे कोणी ठरवलं?” त्या म्हणाल्या. “उजव्यांनीच ना?”

त्यांनी पर्समधून सुईदोरा काढला, डाव्या हाताने एका फटक्यात ओवला, दोरा परत काढला आणि सुई टेबलावर फिरवली. समितीतल्या पाच उजव्या सभासदांना दोरा काही ओवता आला नाही. प्रमुख म्हणाले, “बाई, हा शब्द आपण जन्माला घातलेला नाही. तो आला, आपण दार उघडलं.” तेव्हा बाईंनी कार्डाच्या कडेला तांबड्या शाईने टीप लिहिली, की अर्थ राहू द्या, पण उदाहरणात डावखुरा माणूस आलेला चालणार नाही. अस्सल उजवा माणूस पाहिजे.

अस्सल उजवा आणि दोन्ही हातांनी धांदरट! वाक्यबुवांना शोध घ्यावाच लागला नाही. काखेत कळसा होता.

चार महिन्यांपूर्वी त्यांचे मेहुणे त्यांच्याकडे राहायला आले होते. बायकोचे थोरले भाऊ. ती दादा म्हणे म्हणून सगळेच दादा म्हणत. जमीनमोजणी खात्यातून साहेब म्हणून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षे त्यांनी फक्त बोट दाखवले आणि तिथे दुसऱ्यांनी खांब पुरले. घरी वहिनी होत्या, तेव्हा पाण्याचा पेलासुद्धा हातात येई. वहिनी गेल्या आणि बहिणीने बळेच त्यांना आपल्याकडे आणले. आल्या दिवशीच दादांनी बाजारातून एक पत्र्याची पेटी आणली. आत हातोडी, पाने, पकड, पेचकस, सगळे नवेकोरे.

“जावईबापू,” ते म्हणाले, “आता या घरात बाहेरचा कारागीर येता कामा नये.”

तो लवकरच येऊ लागला आणि रोज येऊ लागला. दादांनी स्वयंपाकघरातला ठिबकणारा नळ धरला. तो ठिबकायचा थांबून कारंज्यासारखा उडू लागला. भिंतीवर घड्याळासाठी खिळा ठोकला. त्याचे टोक पलीकडच्या खोलीत निघाले, तर दादा म्हणाले, बरंच झालं, तिकडे टोपी अडकवता येईल. न्हाणीघराच्या दाराच्या बिजागऱ्या त्यांनी काढून परत बसवल्या, तेव्हापासून ते दार आत कोणी नसले तरच आतून बंद होई. उजव्या हातात पेचकस असला की डाव्या हातातले सुटे आणि डाव्याने ते पकडायला गेले की उजव्यातले. पण दादांचा उत्साह दांडगा. वाक्यबुवा कार्यालयातून आले की जिन्यातच कान देऊन उभे राहत आणि ठोकठोक चालू असली की खाली जाऊन दोन चकरा मारून येत.

अशा माणसाच्या टेबलावर ‘उभयवाम’चे कार्ड आले. त्या दिवशी सकाळीच दादांनी वीतभर फळीला आधार देताना भिंतीचा गिलावा खाली आणला होता, आणि वाक्यबुवांच्या डब्यात त्यातला थोडा सापडला होता. त्यांनी टाक उचलला आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिले: ‘आमचे मेहुणे उभयवाम आहेत, ते एका हाताने नळ दुरुस्त करतात आणि दुसऱ्या हाताने भिंत पाडतात.’

लिहून झाल्यावर त्यांना एकदम हलके वाटले. डबा त्यांनी चवीने खाल्ला.

हे कार्ड हजारो कार्डांत गाडले जायचे आणि खंड निघेपर्यंत निदान चार वर्षे जायची. पण प्रमुखांना ते वाक्य इतके आवडले, की नवीन खंडाची नमुन्याची आठ पाने काढून सगळ्या वाचनालयांना पाठवायचे ठरले, तेव्हा त्यात पहिले पान त्याच वाक्याचे निघाले.

वाक्यबुवांच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त तिकीट तपासनीस राहत. नोकरीत असताना ते तिकिटे वाचत, आता जे मिळेल ते वाचत. वाचनालयातून नमुन्याची पाने घेऊन ते एका संध्याकाळी धापा टाकत वर आले. दादा, वाक्यबुवांची बायको आणि वाक्यबुवा चहा पीत बसले होते.

“अभिनंदन!” तपासनीस दादांना म्हणाले. “तुम्ही कोशात आलात!” आणि त्यांनी ते वाक्य ठणठणीत आवाजात दोनदा वाचले. दुसऱ्यांदा अर्थासकट.

“हे माझंच कशावरून?” वाक्यबुवा म्हणाले. “कोणाचेही मेहुणे असतील.”

“नळ आणि भिंत दोन्ही?” तपासनीस म्हणाले. त्यांना कोणी बसा म्हटले नाही, तरी ते बसले.

दादांनी हातातला कप फार जपून, दोन्ही हातांनी, बशीत ठेवला. मग दोन्ही हात मांडीखाली घेऊन ते बसून राहिले. वाक्यबुवांना वाटले होते ते रागावतील, घर डोक्यावर घेतील. तसे झाले असते तर किती बरे झाले असते!

दुसऱ्या दिवसापासून दादांनी घरातल्या कशाला हात लावायचे सोडले. पेटी पलंगाखाली गेली. वर्तमानपत्र बहिणीने उघडून समोर धरले तर वाचत. फिरून आले की बेल न दाबता दाराबाहेर उभे राहून हाक मारत. “बेल का नाही दाबलीत?” असे विचारले तर म्हणत, “निघाली असती हातात. उभयवाम माणूस मी.” आठ दिवसांत घरात काही फुटले नाही, काही उडाले नाही. कारागीर एकदा येऊन गेला आणि नवे काही मोडले नाही हे बघून जरा खट्टू झाला. घर इतके शांत झाले की वाक्यबुवांना जेवताना स्वतःचे चावणे ऐकू येऊ लागले.

नवव्या दिवशी टपालाने एक पाकीट आले. गावाबाहेरच्या वृद्धनिवासाचा अर्ज होता. दादांनी तो भरून टाकला आणि सांगितले, “एक तारखेपासून जागा मिळतेय. तिथे म्हणे काहीच करावं लागत नाही.”

दादा फिरायला गेल्यावर बायको वाक्यबुवांसमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते.

“अहो, कळत कसं नाही तुम्हाला? त्याला का हौस होती खिळे ठोकायची? फुकट बसून खातो असं वाटू नये म्हणून करत होता तो. रात्रंदिवस त्याला एकच घोर, आपण ओझं झालोय. आणि तुम्ही ते छापून काढलंत!”

वाक्यबुवांनी आयुष्यात साठ हजार वाक्ये लिहिली होती. त्या वेळी त्यांना एकही सुचेना. लाज वाटली, मनापासून वाटली. दादा फिरून आल्यावर त्यांनी दादांच्या खोलीत जाऊन माफी मागितली. दादा म्हणाले, “छे छे, जावईबापू, तुम्ही तुमचं काम केलंत. पाहिलंत ते लिहिलंत. जे खरं आहे त्याची माफी कसली?”

मग एकच उपाय उरला. ते वाक्य खोटे ठरवून काढून टाकायचे.

प्रमुख संपादकांनी ऐकून घेतले आणि दुःखाने मान हलवली. “अहो, अख्ख्या खंडातलं एकमेव जिवंत वाक्य ते! दोन प्राध्यापकांनी कळवलंय. पण तुमचा आग्रहच असेल तर नियम चौदाखाली अर्ज करा.” अर्जाचा छापील नमुना जिराफाच्या वेळचा होता. त्यात ‘प्राण्याचे शास्त्रीय नाव’ असा रकाना होता. वाक्यबुवांनी तिथे ‘मेहुणे’ लिहिले. ‘नैसर्गिक अधिवास’ या रकान्यात घरचा पत्ता घातला. ‘अन्न’ हा रकाना मोकळा सोडला म्हणून अर्ज एकदा परत आला. तीन प्रती, प्रत्येकीवर सही, आणि शेवटी शेरा: तथ्यदोषाची खातरजमा उपसमितीने प्रत्यक्ष स्थळी जाऊन करावी. उपसमिती म्हणजे प्रमुख आणि मुद्रितशोधक बाई. येत्या शनिवारी सकाळी दहा. सोमवारी एक तारीख होती.

म्हणजे दादा धांदरट नाहीत हे आता सरकारी रीतीने सिद्ध करायचे होते! याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

ही बातमी जिन्यातून खाली गेली आणि तपासनीस सल्ला घेऊन वर आले. त्यांच्या मते दादांच्या उजव्या हाताला पट्टी बांधून ठेवावी. मोडलेल्या हाताची परीक्षा कोण घेणार? दुसरा सल्ला, दादांना त्या दिवशी गावाला पाठवावे आणि खुर्चीत स्वतः तपासनिसांनी बसावे. “माझे हात बघा,” ते म्हणाले, “धावत्या गाडीत तिकिटाला बरोब्बर भोक पाडलंय आयुष्यभर.” वाक्यबुवांना क्षणभर मोहही झाला. पण दादांनी आतून सगळे ऐकले होते. ते बाहेर आले, कितीतरी दिवसांनी ताठ उभे राहिले आणि म्हणाले, “येऊ देत त्यांना. माझ्यावर मोजणी लावताय काय? मी स्वतः हजर राहीन. आणि हे शेवटचं. त्यांनी खरं ठरवलं, की सोमवारी मी निघालो. मग मला कोणी अडवायचं नाही.”

शनिवारी दहाला पाच कमी असताना उपसमिती आली, आणि तिच्यामागोमाग तपासनीस दारात येऊन उभे राहिले. प्रमुखांनी भिंतीतल्या खिळ्याची उलटी बाजू बघितली आणि वहीत काहीतरी टिपले. बाईंनी नळाकडे बघून फक्त ‘अरेरे’ म्हटले. मग प्रमुखांनी जाहीर केले, की झालेले नुकसान हा जुना पुरावा आहे. तपासणी ताज्या कृतीची व्हावी. कृती साधी, रोजची, पण दोन्ही हात एकाच वेळी लागतील अशी असावी.

“चहाचा ट्रे आणतो मी,” दादा म्हणाले. “स्वयंपाकघरातून इथवर. भरलेले कप.”

“दादा, स्टीलचे पेले घे,” बहीण हळूच म्हणाली.

“चिनी मातीचे सहा काढ,” दादा म्हणाले. “ते पातळ काठाचे.”

स्वयंपाकघरापासून बैठकीच्या मेजापर्यंत चौदा पावले होती. वाक्यबुवांनी इतक्या वर्षांत ती कधी मोजली नव्हती, त्या दिवशी मोजली. दादा दारात दिसले. पांढरा सदरा, दाढी केलेली, दोन्ही हातांत ट्रे, ट्रेत सहा कप काठोकाठ. वाफ त्यांच्या चष्म्यावर चढत होती. पाचवे पाऊल झाले, सहावे झाले. सातव्याला त्यांनी गालिच्याची कडा नीट ओलांडली आणि बहिणीकडे बघून किंचित हसले. वाक्यबुवांचा ऊर भरून आला. जमतेय की! दहा. अकरा.

बाराव्या पावलाला वाक्यबुवांना ते दिसले. ते ट्रेच्या सगळ्यात जवळ होते, म्हणून त्यांनाच दिसले. दादांचा डावा हात सैल पडू लागला होता. अंगठा काठावरून सरकत होता. ट्रेचे एक टोक केसभर खाली गेले आणि कडेचा कप बशीसकट त्या टोकाकडे निघाला. दादांच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच होते, पण डोळे एखाद्या पकडल्या गेलेल्या मुलासारखे झाले होते. उपसमितीपुढे, बहिणीपुढे, खालच्या मजल्यापुढे आता एका क्षणात सगळे व्हायचे होते.

“द्या, द्या दादा, मी घेतो!” असे ओरडून वाक्यबुवा उठले. उठताना त्यांनी गुडघा मेजावर आपटला, उजवा हात ट्रेखाली घातला, डावा वरून आणला, आणि दोन्ही हातांनी मिळून ट्रे असा काही उडवला, की तसा दादांनाही जन्मात उडवता आला नसता. सहाच्या सहा कप गेले. एक खिडकीपर्यंत गेला. प्रमुखांच्या वहीवर चहाचे तळे साचले, आणि बाईंनी मात्र आपल्या अंगावर येणारी एक बशी डाव्या हाताने हवेतल्या हवेत झेलली.

वाक्यबुवा दोन्ही हात पुढे धरून उभे होते. बाहीतून चहा गळत होता.

“अहो!” बायको म्हणाली. नंतर तिने नवऱ्याकडे नीट पाहिले. बावीस वर्षांच्या संसारात या माणसाच्या हातून चमचाही पडला नव्हता, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तिने पदर डोळ्यांना लावला आणि फडके आणायला आत गेली.

“उपसमितीने प्रत्यक्ष पाहिलं,” प्रमुख वही झटकत म्हणाले. “मेहुणे बारा पावलं निर्दोष चालले. तथ्यदोष मान्य. वाक्य रद्द. पण शब्द तर मोकळा राहता कामा नये, बाई.”

“राहणार नाही,” बाई म्हणाल्या. बशी खाली ठेवून त्यांनी तिथल्या तिथे डाव्या हाताने नवे कार्ड लिहिले आणि वाचून दाखवले: ‘आमच्या कार्यालयातील एक ज्येष्ठ कर्मचारी उभयवाम आहेत, मदतीला धावून त्यांनी दोन्ही हातांनी सहा कप फोडले.’ मग वाक्यबुवांना विचारले, “माणूस उजवाच ना?”

“अस्सल,” वाक्यबुवा म्हणाले.

साठ हजार कार्डे, अठ्ठावीस वर्षे, न दुमडलेला कोपरा, न सांडलेला थेंब! आता शब्दकोशात, जिथून सहजी काही पुसले जात नाही तिथे, त्यांच्या हातांबद्दल एवढेच राहणार होते. त्यांना फार लागले. तपासनीस दारातून सगळे बघत होते आणि खाली जायची त्यांना घाई झाली होती, तेही लागले.

उपसमिती गेली. वाक्यबुवा मुकाट्याने खाली बसले आणि कपाचे तुकडे वेचायला त्यांनी हात पुढे केला.

“थांबा, थांबा! हात लावू नका!” दादा ओरडले. त्यांचा आवाज पूर्वीसारखा साहेबी झाला होता. ते गुडघ्यांवर बसले, वाक्यबुवांचे दोन्ही हात त्यांनी धरून बाजूला केले आणि एकेक तुकडा स्वतः गोळा करायला लागले. दोन तुकडे पडले, ते पुन्हा उचलले. बराच वेळ ते वर न बघता वेचत राहिले. मग बहिणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले:

“त्या वृद्धनिवासवाल्यांना कळवून टाक गं, मी येत नाही म्हणावं. यांचे हात हे असे. घरात एक तरी धड हातांचा माणूस नको का?”

“हवा ना, दादा,” वाक्यबुवा म्हणाले, आणि आपले हात त्यांनी मांडीखाली घेतले.